पुढचे शॉकअप गळतायत? नुसतं सील बदलून भागत नाही

(या भागाचं शब्दांकन. बोलताना ‘म्हणजे’ फार वेळा आलं होतं, त्यातले बरेचसे काढलेत. सगळे नाही.)

आजचा विषय थोडा तेलकट आहे. जुन्या गाडीचे पुढचे शॉकअप. जुनी म्हणजे आरएक्स १००, येझदी, राजदूत, जुनी बुलेट, यातली कुठलीही. मी आरएक्स १०० धरून बोलणार आहे, कारण मागचे दोन महिने तीच माझ्यासमोर सुट्या भागांत पडलेली होती. पण ९० टक्के गोष्टी बाकीच्या गाड्यांनाही लागू होतात, त्यामुळे येझदीवाल्यांनी लगेच पुढचा भाग लावू नका.

आधी एक साधी तपासणी सांगतो. ऐकता ऐकता पार्किंगमध्ये जाऊन करता येईल. पुढच्या चाकावरचा जो चकचकीत पाईप असतो ना, त्यावर कोरडा टिश्यू फिरवा, मग गाडी पुढचा ब्रेक दाबून पाच-सहा वेळा खाली-वर दाबा, आणि परत बघा. पाईपवर तेलाचं पातळ कडं उमटलं, तर सील गेलंय. दुसरं, गाडी दाबून सोडली की ती वर येते कशी ते बघा. नीट असेल तर वर येते आणि थांबते. पाळण्यासारखी दोन-तीन वेळा हलली, तर आत तेल कमी आहे किंवा डॅम्पिंग संपलंय. आणि तिसरं, गाडी मेन स्टँडवर लावा, पुढचं चाक अधांतरी करा, दोन्ही पायांना खालून धरून पुढे-मागे हलवा. ‘खट’ असं काही जाणवलं, तर ते दोन ठिकाणांहून येऊ शकतं: हँडलचा कोन सेट ढिला किंवा शॉकअपचा पाईप बॉटममध्ये खेळतोय. ओळखायचं कसं? मित्राला हलवायला सांगा आणि तुम्ही एक बोट कोन सेटच्या सांध्यावर ठेवा, मग सीलजवळ ठेवा. ज्या ठिकाणी बोटाला हालचाल लागते, तिथे रोग आहे. यात यंत्र वगैरे काही नाही, पण गॅरेजमध्ये ‘शॉकअप गेलेत’ म्हणून पैसे घेतात आणि खरं तर कोन सेट ढिला असतो, असं बऱ्याचदा होतं.

आता ही गाडी. एस्कॉर्ट्स आणि यामाहाने आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आणली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ बीएचपी, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. इंजिनाबद्दल लोक तासन् तास बोलतात. इंटरनेटवर तिच्या सायलेन्सरच्या आवाजाचे जितके व्हिडिओ आहेत त्याच्या शंभराव्या भागाइतकेसुद्धा तिच्या शॉकअपबद्दल नाहीत. आणि मला हे विचित्र वाटतं, कारण एवढी हलकी गाडी एवढ्या जोरात पळते तेव्हा पुढचं चाक रस्त्याला चिकटून ठेवण्याचं सगळं काम त्या दोन नळ्या करतात.

आमच्या घरची १९९५ ची आहे. बाबांनी सांगलीत घेतली होती. गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. तर ती तारीख जवळ आली होती. घरात दोन मतं. आईचं म्हणणं, गाडी पुढून धरत नाही, विकून टाका, आज चांगली किंमत येते. आणि किंमत खरंच येते, त्या माणसाने फोटो बघून आगाऊ रक्कम द्यायची तयारी दाखवली होती. बाबा काही बोलत नव्हते. बाबा काही बोलत नाहीत म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं. धाकट्या बहिणीला मात्र ती कॉलेजला न्यायची होती. मी म्हटलं, थांबा, ‘पुढून धरत नाही’ म्हणजे नेमकं काय ते आधी बघू.

तर पुढून धरत नाही म्हणजे हे होतं. डाव्या-उजव्यापैकी ब्रेकच्या बाजूच्या शॉकअपचं सील फाटलेलं. तिथून तेल पायावरून ओघळत खाली, आणि थेंब थेंब करत ड्रमच्या फटीतून आत. पुढचा ब्रेक ड्रमचा आहे. लायनर तेलाने भिजलेले. म्हणजे एक पाच रुपयांची वाटावी अशी रबराची रिंग फाटली आणि गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा ब्रेक गेला. ब्रेक केबल कितीही ताणा, काही उपयोग नाही. एवढंच सांगतो की तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून, गॅसवर भाजून परत लावायचे प्रकार चालतात, तसलं करू नका. तेल आतपर्यंत मुरतं, ब्रेक तापला की परत वर येतं. नवीन लायनर टाका. त्यात वाचवायला काही नाही.

मग प्रश्न असा की सील बदललं की झालं ना? नाही. आणि इथेच बहुतेक गाड्यांचं चक्र फिरत राहतं. सील बदललं, तीन महिने बरं, परत गळती. परत सील. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ओळखतो, सर्व्हर बंद पडतो, कोणीतरी रीस्टार्ट करतं, सगळे टाळ्या वाजवतात. बंद का पडतो ते कोणी विचारत नाही. सील का फाटतं हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी आत काय आहे ते समजून घेऊ. वरचा पाईप स्टीलचा, त्यावर क्रोम, तो टी मध्ये घट्ट धरलेला. खालचा बॉटम अ‍ॅल्युमिनियमचा, तो चाकाबरोबर वर-खाली सरकतो. आत स्प्रिंग. आणि स्प्रिंगच्या आत-खाली एक बारीक नळी, तिला कोणी फोर्क रॉड म्हणतं, कोणी सीट पाईप. तिला भोकं असतात. खड्डा आला, बॉटम वर सरकला, तेल त्या भोकांतून पळतं. परत खाली येताना तेलाला लहान भोकांतून जावं लागतं, त्यामुळे स्प्रिंग झटक्याने उसळत नाही. बास, एवढंच. डॅम्पिंग म्हणजे तेलाला घाई असताना बारीक दारातून जायला लावणं. लोकल ट्रेनच्या दाराला दादरला काय होतं, ते आठवा.

ही रचना खूप जुनी आहे. तेलाचं डॅम्पिंग असलेले टेलिस्कोपिक शॉकअप बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर विकायला आणले. त्यानंतर बारकावे बदलले, पण लहान गाड्यांत कल्पना तीच राहिली. तिला एक मर्यादा आहे. भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर विरोध साधारण चौपट. म्हणून स्पीडब्रेकरवरून हळू गेलात तर गाडी मऊ वाटते आणि त्याच गाडीला धारदार कडेचा खड्डा लागला की हाताला दणका बसतो. तो शॉकअप खराब असल्याचा पुरावा नाही, तो या रचनेचा स्वभाव आहे. हे माहीत नसल्यामुळे लोक चांगल्या शॉकअपमध्ये उगाच खटपट करतात.

आता सील. सीलचं काम पाईपवर ओठ टेकवून तेल आत अडवणं. तो पाईप गुळगुळीत असेल तरच ओठ टिकतो. पण पावसाचं पाणी, रस्त्याची बारीक वाळू डस्ट सीलखाली अडकते, आणि प्रत्येक खड्ड्याला ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. क्रोम उडतो. क्रोमखालचं स्टील गंजतं. बारीक बारीक खळगे पडतात, नखाला अडकतील असे. आणि मग प्रत्येक वेळी सीलचा ओठ त्या खळग्यावरून जाताना थोडा थोडा कातरला जातो. नवीन सील लावलंत तरी तेच होणार. किसणीवर नवीन टोमॅटो फिरवला म्हणून किसणी बोथट होत नाही.

खळगे कुठे आहेत हे महत्त्वाचं. पाईपच्या अगदी वर, टी च्या खाली, जिथे सील कधी पोहोचतच नाही, तिथे गंज असेल तर दिसायला वाईट, बाकी काही नाही. सील जितक्या पट्ट्यात फिरतं तेवढाच पट्टा तपासा. पट्टा शोधायची युक्ती म्हणजे पाईपला सीलच्या लगेच वर एक बारीक केबल टाय बांधायचा, थोडा घट्ट, पण सरकेल असा. गाडी दोन दिवस चालवा. टाय जिथपर्यंत ढकलला गेला, तिथपर्यंत शॉकअप दबतोय. एकच खळगा असेल, उथळ असेल, तर तो स्वच्छ करून इपॉक्सीने भरून २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून सपाट करतात. चालतं, थोडे महिने. आमच्या पाईपवर मात्र चांदण्या पडल्या होत्या.

उघडायचं कसं ते थोडक्यात, पण क्रम नीट ऐका, कारण क्रम चुकला की तासभर शिव्या द्याल. गाडी इंजिनखाली भक्कम टेकू देऊन उभी करा, विटांवर नको. चाक, ब्रेकची केबल, मीटरची केबल, मडगार्ड काढा. आता पाय अजून टी मध्येच घट्ट आहेत. याच वेळी वरच्या टोपीचा बोल्ट अर्धा आटा सैल करून ठेवा, वरच्या बाजूला पाईप आवळणारा बोल्ट असेल तर तो आधी ढिला करून. आणि बॉटमच्या तळाला आत खोल एलन बोल्ट असतो, तोही याच वेळी सोडा. का? कारण आत स्प्रिंग दाबलेली आहे, ती फोर्क रॉडला धरून ठेवते. पाय बाहेर काढून, स्प्रिंग काढून मग तो बोल्ट फिरवायला गेलात तर आतली रॉड बोल्टबरोबर गरगर फिरते, बोल्ट काही निघत नाही. आणि टोपी पूर्ण काढताना तोंड वर नेऊ नका, खाली दाबत दाबत काढा. स्प्रिंग उडते.

तेल ओतलं तेव्हा जे बाहेर आलं त्याला तेल म्हणणं अवघड होतं. राखाडी, मासळीसारखा वास. राखाडी रंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. म्हणजे बॉटमसुद्धा झिजलाय. आमच्या शॉकअपमध्ये वेगळं बुश नव्हतं, पाईप थेट अ‍ॅल्युमिनियमवर सरकतो. त्यामुळे झीज मोजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

मोजमाप. मायक्रोमीटर कॉलेजनंतर पहिल्यांदा हातात घेतला. पाईपचा मूळ व्यास किती हवा, याचा ढोबळ अंदाज सीलवरच मिळतो, सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे आकडे छापलेले असतात. पाईपचा न घासलेला वरचा भाग मोजा, मग घासलेला पट्टा मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे. आमच्यात पुढे-मागे दिशेला ०.०८ मिलिमीटर कमी भरलं, आडव्या दिशेला जवळजवळ काही नाही. हे तर्काला धरून आहे. ब्रेक लावला की चाक मागे ढकललं जातं, पाईप बॉटमच्या तोंडाला पुढे-मागेच रेटला जातो.

नंतर वाक. पाईप जाड सपाट काचेवर ठेवून हळू लोटायचा, खालून उजेड दिसतो का बघायचं. नीट मोजायचं तर व्ही-ब्लॉकवर ठेवून मधोमध डायल गेज. इथे एक फसगत होते. डायलवर एका फेऱ्यात जो एकूण फरक दिसतो, त्याच्या निम्मा खरा वाक असतो. बऱ्याच कंपन्यांची मॅन्युअल ०.२ मिलिमीटरची मर्यादा देतात, तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तो घ्या. आमचे दोन्ही पाईप सरळ निघाले. हे नशीब म्हणा, नाहीतर बाबांचं ड्रायव्हिंग. वाकडे असते तर माझं मत स्पष्ट आहे, दाबयंत्राखाली सरळ करून मिळतात, पण चांगलाच वाकलेला पाईप सरळ केला तरी त्या जागी स्टील दमलेलं असतं, आणि तो पाईप पुढच्या चाकाचा आहे. तो फेकायचा.

आता तीन रस्ते. पहिला, बाजारातला डुप्लिकेट पाईप. पुण्यात नाना पेठेत फिरलो. पाईप मिळतात, चमकतात, दुकानदार ‘एकदम ओरिजिनल क्वालिटी’ म्हणतात, म्हणजे ओरिजिनल नाही हे तेच सांगतात. मी मायक्रोमीटर खिशात घेऊन गेलो होतो. एका दुकानात जोडीतल्या दोन पाईपांच्या व्यासातच ०.०६ चा फरक. म्हणजे आमचा तीस वर्षं वापरलेला पाईप जेवढा झिजलाय, जवळजवळ तेवढा फरक नव्या जोडीत. दुकानदार म्हणाला, “साहेब, शॉकअप आहे, विमान नाही.” मला तो माणूस आवडला, पण पाईप घेतले नाहीत. सगळे डुप्लिकेट असेच असतात असं नाही. मोजून घेऊ द्या म्हणायचं, नाही म्हणाले तर पुढचं दुकान.

दुसरा रस्ता, जुन्या बाजारातून वापरलेले मूळ पाईप. मिळाले तर उत्तम. पण त्यांनाही तीस वर्षं झालीत. बहुतेकांचा तोच पट्टा, त्याच चांदण्या.

तिसरा रस्ता, आपलेच पाईप हार्ड क्रोम करून घेणं. तो मी घेतला. खर्च डुप्लिकेट जोडीच्या दुपटीहून जास्त झाला, आधीच सांगतो.

भोसरीच्या औद्योगिक भागात हार्ड क्रोम करणाऱ्यांकडे गेलो. त्यांचं मुख्य काम हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड, छपाईयंत्रांचे रोलर. दोन मोटरसायकलचे पाईप घेऊन आलेला मुलगा बघून तिथले काका हसले. साठीचे असतील.

“कशाला एवढं? नवीन टाक की.”

मी म्हटलं, “काका, नवीन मोजून बघितले. हेच बरे आहेत.”

त्यांनी पाईप हातात घेतला, बोट फिरवलं, आणि मोजण्याआधीच सांगितलं, “पुढच्या बाजूने खाल्लाय.” मग मायक्रोमीटर लावून खात्री केली. एवढ्यावर माझा विश्वास बसला.

मग ते म्हणाले, “बॉटम पण झिजला असेल. एक काम करू. पाईपच दहा पॉइंट जाड करू, बॉटममध्ये फिट बसेल.”

ऐकायला हुशार वाटतं, आणि बरेच जण करूनही घेतात. पण विचार करा. बॉटम सगळीकडे सारखा झिजत नाही. तो तोंडाशी झिजतो, तेही पुढे-मागे, म्हणजे तोंड लंबगोल होतं. आत खोलवर तो मूळ मापाचाच असतो. पाईप जाड केला तर तोंडाशी आडवा घट्ट, पुढे-मागे अजून ढिला, आणि आत गेल्यावर अडकणार. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, बघितलं, म्हणाले, “बरोबर आहे तुझं. मग बॉटमला गनमेटल बुश मार.” आणि शेजारच्या लेथवाल्याचं नाव सांगितलं. मला वाटलं होतं वाद होईल. काम जाणणाऱ्या माणसाला चित्र पुरतं.

हार्ड क्रोम होतं कसं? आधी जुना क्रोम उतरवतात. मग पाईप ग्राइंडिंगला जातो, खळगे संपेपर्यंत घासतात. आमच्यात एका बाजूने साधारण ०.१ मिलिमीटर गेलं. मग क्रोमिक अ‍ॅसिडच्या टाकीत, पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास, वीजप्रवाह सोडून क्रोम चढवतात. हे काम संथ आहे, तासाला साधारण २५ मायक्रॉन. गणित करा. ०.१ म्हणजे १०० मायक्रॉन भरून काढायचे, वर शेवटी घासून मापात आणायला ५० जास्तीचे. १५० भागिले २५, सहा तास टाकीत. कोणी ‘तासाभरात करून देतो’ म्हणालं तर तो खिडकीच्या ग्रिलला लावतात तसला दिखाऊ क्रोम देतोय. तो चमकतो, पण फार पातळ असतो, इथे उपयोगाचा नाही. शेवटी परत ग्राइंडिंग आणि पॉलिश. क्रोमचा थर कडक असतो, पण त्यात सूक्ष्म तडे असतात, त्यातून पाणी खाली पोहोचू शकतं. म्हणून हार्ड क्रोम केलेला पाईपसुद्धा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुसून, तेलाचा हात फिरवायचा. शंभर टक्के गंजमुक्त वगैरे काही नसतं.

आणि हो, हे घरी करायचं काम नाही. यूट्यूबवर बादलीत क्रोम करणारे व्हिडिओ आहेत. त्या टाकीतलं षट्संयुजी क्रोमियम कॅन्सरकारक आहे, त्याची वाफ, त्याचं सांडपाणी, सगळंच. मी गेलो तिथे टाकीच्या कडेला वाफ खेचणारी यंत्रणा होती आणि सांडपाण्यावर वेगळी प्रक्रिया होत होती. स्वस्त ठिकाणी जाल तर हे बघून जा. तुमचा पाईप चकचकीत करताना ते पाणी नाल्यात जात असेल, तर त्या क्रोमची खरी किंमत दुसरंच कोणीतरी भरतंय.

लेथवाल्याने दोनपैकी एकाच बॉटमला बुश मारलं. दुसरा मोजला, ठीक होता. बुश मारायला अ‍ॅल्युमिनियमची भिंत पुरेशी जाड हवी, ते आधी बघून घ्या, नाहीतर बॉटम पातळ होतो.

जोडताना सगळं रॉकेलने धुवा, फोर्क रॉडची भोकं तारेने नाही, हवेने साफ करा. सील लावताना पाईपच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवा, तिला तेल लावा आणि मग सील सरकवा. पाईपची कड धारदार असते, नवीन सीलचा ओठ पहिल्याच मिनिटाला कापते, आणि मग लोक सीलच्या कंपनीला नावं ठेवतात. सील बसवायला खास हत्यार मिळतं, पण योग्य मापाचा पीव्हीसी पाईपचा तुकडा तेच काम करतो. गोल फिरवत, हळूहळू ठोका. पेचकसने एका बाजूने ठोकलंत तर सील तिरकं बसलं म्हणून समजा. वर सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते बघा, मग डस्ट सील. तळाच्या एलन बोल्टला तांब्याचं वायसर नवीन टाका. तिथूनही गळतं.

तेल. इथे भांडण होणार आहे, मला माहीत आहे. कमेंटमध्ये करू. गॅरेजमध्ये सर्रास इंजिन ऑइल ओततात. गाडी चालते. पण फोर्क ऑइलमध्ये फेस होऊ नये म्हणून द्रव्यं असतात, कारण आत ते मिनिटाला कितीतरी वेळा घुसळलं जातं. फेस झाला की भोकांतून तेलाऐवजी हवा जाते आणि डॅम्पिंग गायब. फोर्क ऑइलच घ्या. आणि १० नंबर लिहिलेली दोन कंपन्यांची तेलं सारखी घट्ट असतीलच असं नाही, त्यामुळे दोन्ही पायांत एकाच बाटलीतलं तेल.

किती? मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तोच. ‘थोडं जास्त टाक, कडक होईल’ हा सल्ला कुठून आला ते समजून घ्या. तेलाच्या वर बंद हवा असते, ती दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते. समजा तेलाच्या वर २०० मिलिमीटर हवेचा स्तंभ आहे आणि शॉकअप १०० दबला. हवा निम्मी झाली, दाब दुप्पट. आता जास्त तेल टाकून स्तंभ १३० केलात आणि तेवढंच दाबलं, तर उरले ३०. दाब चौपटीहून जास्त. हो, कडक लागेल. पण तो सगळा दाब कोण झेलणार? तेच नवीन सील. तशीच स्प्रिंगवर वायसर टाकायची पद्धत. त्याने गाडी थोडी उंच उभी राहते, स्प्रिंग स्वतः कडक होत नाही. स्प्रिंगची लांबी मोजा, पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा कमी भरली तर दोन्ही बदला. एकच बदलू नका.

चाक बसवताना दोन गोष्टी, यात चूक परवडणारी नाही. ब्रेकच्या प्लेटला एक खाच असते, ती बॉटमवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. नाही बसली, तर ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. चाक बसवल्यावर खाली वाकून, डोळ्यांनी बघा, हाताने चाचपा, मग पुढे. दुसरं, अ‍ॅक्सलची नट आवळण्याआधी गाडी टेकूवरून उतरवा आणि ब्रेक धरून आठ-दहा वेळा दाबा. दोन्ही पाय आपापल्या सरळ रेषेत येतात. मग आवळा. आधीच आवळलं तर पाय एकमेकांना तिरके ओढतात, शॉकअप अडखळत सरकतो, आणि एवढं क्रोम करून परत एका बाजूने खातो.

गाडी तयार झाल्यावर पहिल्यांदा बाबांना दिली. ते सोसायटीच्या गेटपर्यंत गेले, परत आले, स्पीडब्रेकरवरून अजून एकदा गेले. ब्रेक दोन-तीनदा दाबून बघितला. म्हणाले, “हँडल थोडं डावीकडे आहे.” होतं. टी ढिली करून सरळ केलं. आरटीओत गाडी पास झाली, तिथल्या माणसाने शॉकअपकडे बघितलंही नाही, हॉर्न आणि इंडिकेटर वाजवले-लावले, चेसिस नंबर बघितला आणि सही. आई अजून म्हणते त्या किमतीला विकायला हवी होती. बहीण नेते कॉलेजला. तिला सांगितलंय, महिन्यातून एकदा टिश्यू फिरवायचा. पावसाळा झाला की फोटो टाकेन, क्रोम टिकला की नाही ते आकड्यांसकट.

तुमच्या गाडीचे पाईप मोजलेत तर मापं पाठवा, दोन्ही दिशांची, नुसतं ‘झिजलाय’ नको. पुढच्या भागात कोन सेट, कारण आमचा उघडला तेव्हा खालच्या वाटीत खड्डे सापडलेत आणि ते बाबांना अजून सांगितलेलं नाही. भेटू.